दशावतारातला गणपतीचा मुखवटा: घडवायचा कसा, रंगवायचा कसा?

तुळशीचं लग्न आटोपलं की सिंधुदुर्गात आणि हद्दीपलीकडे पेडणे, डिचोलीकडे जत्रांचा हंगाम सुरू होतो. जत्रा म्हटली की रात्री दशावतार आलाच. आख्यानाआधीच्या आडदशावतारात गणपती, रिद्धी-सिद्धी, शारदा आणि वेद पळवणारा संकासुर अशी पात्रं येतात. बहुतेक नट तोंडाला रंग लावून उभे राहतात, संकासुराला काळा कापडी बुरखा पुरतो. गणपतीला मात्र सोंडेचा मुखवटा लागतोच.

शाळा आणि हौशी मंडळं हल्ली बाजारातला प्लास्टिकचा मुखवटा आणतात. त्यात घाम साचतो, डोळ्यांची भोकं नटाच्या डोळ्यांसमोर येत नाहीत आणि नाचताना पाय चुकतो. कागदाचा मुखवटा ज्याच्या त्याच्या चेहऱ्याच्या मापाने करता येतो, शिवाय वजनाला हलका.

साचा आणि थर

पाटावर शाडूचा चेहरा करावा. कागद वाळताना आकसतो, म्हणून साचा नटाच्या चेहऱ्यापेक्षा सगळीकडून बोटभर मोठा ठेवायचा. पहिला थर नुसत्या ओल्या कागदाचा, खळ न लावता. म्हणजे मुखवटा मातीपासून सहज सुटतो.

मग खळीत भिजवलेल्या पट्ट्या. कागद कात्रीने न कापता हाताने फाडावा. फाटलेली कड नीट बसते. एक थर वर्तमानपत्राचा, दुसरा खाकी कागदाचा असं आलटूनपालटून केलं, तर कुठे थर राहिला ते लगेच दिसतं. असे सहा ते आठ थर पुरतात. दोन-तीन थर झाले की वाळू द्यायचं. तेही सावलीत, कारण कडक उन्हात कडा वाकतात. पावसाळ्यात हे काम काढू नये. आतला थर ओला राहतो आणि बुरशी धरते.

खळ गव्हाच्या पिठाची किंवा चिंचोक्याची. कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालण्याची पद्धत आहे, पण तो विषारी. तोंडाला लागणाऱ्या वस्तूत तो नकोच.

सोंड, डोळे, श्वास

सगळी मेख सोंडेत आहे. ती जड झाली की मुखवटा पुढे ओढला जातो आणि नटाची मान भरून येते. म्हणून आत बारीक तारेचा सांगाडा, वर कागद, आणि सोंड जिथे चेहऱ्याला जुळते तिथे जुन्या धोतराच्या पट्ट्या. कपाळाला आतून कापसाची गादी लावावी. बंद दोन हवेत, एक कानामागून आणि एक डोक्यावरून.

रंगवलेले डोळे वेगळे आणि बघायची भोकं वेगळी. भोकं रंगवलेल्या डोळ्यांच्या खालच्या रेषेत लपवता येतात. श्वासासाठी सोंडेच्या मुळाखाली मोठी फट ठेवावी. रंग देण्याआधीच नटाला मुखवटा बांधून चालायला, खाली वाकायला लावावं. भोक वाढवायचं असेल तर ते आत्ताच. नंतर रंग टवके धरून निघतो.

रंग

आधी खडूची पूड आणि डिंक यांचा पांढरा हात. वाळल्यावर पॉलिश पेपरने घासायचं. मग अंगाचा रंग, त्यावर गडद छटा, शेवटी डोळे आणि गंध. रेषा जाड हव्यात. हातात घेतल्यावर भडक वाटणारा डोळा मागच्या रांगेतून बेताचाच दिसतो. रंग चकचकीत नको, दिव्याखाली तो नुसता चमकतो आणि चेहरा हरवतो.

पूर्वी चित्रकामात पिवळ्यासाठी हरताळ आणि लालसाठी हिंगूळ वापरत. हरताळात आर्सेनिक असतं, हिंगुळात पारा. दोन्ही टाळावेत. घरातला जुना ऑइलपेंटचा डबाही उघडू नये. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या डब्यात किती असेल याची खात्री नाही. पाण्यात कालवायचे अॅक्रिलिक रंग बरे. आतून रंग न देता मऊ सुती कापड चिकटवावं.

प्रयोग संपला की मुखवटा लगेच पेटाऱ्यात घालू नका. घामाने ओला झालेला असतो, रात्रभर वाऱ्यावर राहू द्या. एवढं सांभाळलं तर एक मुखवटा कितीतरी हंगाम टिकतो.