तापाचा माग

१ ऑक्टोबर २०२५पासून अमेरिकेचं सरकारी कामकाज ४३ दिवस ठप्प होतं. त्या काळात सीडीसी या तिथल्या रोगनियंत्रण संस्थेचा फ्लूचा साप्ताहिक अहवालही थांबला. मी न्यू जर्सीत औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. लशीचा ऐन हंगाम, आणि एडिसनमधले आपले आजी-आजोबा विचारत, ‘ताई, साथ आली का गं?’

मी सांडपाण्याचे आकडे पाहू लागले. माणूस डॉक्टरकडे जावो न जावो, विषाणूचा अंश गटारात उतरतोच. स्टॅनफर्ड आणि एमरी विद्यापीठांचा वेस्टवॉटरस्कॅन प्रकल्प तो मोजतो. एखादा उंच आकडा पाहून घाबरायचं नाही. आलेख सलग काही आठवडे चढतोय का, ते पाहायचं. जोडीला टॅमीफ्लू या फ्लूवरच्या औषधाची प्रिस्क्रिप्शन्स. खोकल्याच्या औषधाचा खप मात्र फसवा, कारण साधी सर्दी करणारे विषाणूच दोनशेहून अधिक आहेत. इंटरनेटवरच्या शोधांचंही तसंच: गूगलच्या ‘फ्लू ट्रेंड्स’नं २०१२-१३च्या हंगामात साथ प्रत्यक्षापेक्षा जवळपास दुप्पट दाखवली, २०१५मध्ये ते बंदच झालं.

दोन-तीन खुणा एकाच दिशेनं गेल्या तरच मी ‘हो, आली’ म्हणते. लशीसाठी मात्र आलेखाची वाट पाहू नका. तिचं संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात.