तरावीहनंतरचे मोमो

इफ्तारला खजूर, भजी, कलिंगड ठरलेलंच. पण तरावीह संपली की घरातली पोरं मला नेपाळी हॉटेलाकडे ओढतात. हॉटेल कसलं, चार टेबलं आणि वाफेचा मोठा डबा. मोमोसोबत टोमॅटो-तिळाचं आंबट, पातळ अचार. तीळ आपल्याही चटणीत असतात, पण ही चव निराळी.

पहिल्यांदा गेलो तेव्हा चिकन हलाल आहे का, हे विचारायला जीभ रेटेना. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचे काका म्हणाले, "व्हेजचं भांडं वेगळं आहे ना? आज गुरुवार आहे." मला धीर आला, मीही विचारलं. मालकाला दोन्ही प्रश्नांचं काहीच वाटलं नाही. काकांना भांडं दाखवलं, मला चिकनचं दुकान सांगितलं. ते आमच्याच मोहल्ल्यातलं निघालं!

१९५० च्या करारामुळे नेपाळी माणसाला इथे राहायला, काम करायला व्हिसा लागत नाही. घर मात्र लांबच राहतं. "गावी कधी जाता?" मी विचारलं. "दसैंला जायचं असतं," तो म्हणाला. दसैं म्हणजे त्यांचा दसरा. नेमकी तेव्हाच तुळजापूरच्या नवरात्राची गर्दी, धंद्याचे दिवस. गेल्या वर्षीही जाणं झालं नाही.

ईदला त्याच्याकडे शीरखुर्मा पाठवायचा आहे. धाकटीने डबा आत्ताच घासून ठेवलाय.