बोस्टनहून नगरला

1812 च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या किनाऱ्यावरून दोन जहाजे कलकत्त्याच्या दिशेने निघाली. सेलमच्या बंदरातून 'कॅरव्हॅन' सुटले आणि फिलाडेल्फियाहून 'हार्मनी'. दोन्हींवर मिळून काही तरुण पाद्री होते, नुकतेच धर्मशिक्षण संपवलेले. तीन जोडप्यांची लग्ने तर त्याच महिन्यात उरकली होती. त्यांना पाठवणारी संस्था, परदेशी मिशनसाठीचे अमेरिकन बोर्ड, जेमतेम दोन वर्षांची होती. ज्या देशात जायचे तिथे राहू देतील की नाही, याची चौकशीही धड झालेली नव्हती.

आणि राहू दिले नाहीच. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात धर्मोपदेशक नको होते. धर्माच्या भानगडीने रयत बिथरली तर व्यापार बुडेल, ही तिची धास्ती. त्यातच इंग्लंड-अमेरिका युद्ध पेटले आणि हे पाहुणे शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. कलकत्त्याहून त्यांची पांगापांग झाली. अडोनिराम जडसन ब्रह्मदेशात गेले. सॅम्युएल आणि हॅरिएट न्यूवेल मॉरिशसला निघाले. वाटेत समुद्रावरच त्यांचे तान्हे मूल गेले आणि काही आठवड्यांनी हॅरिएटही गेली. ती अवघी 19 वर्षांची होती. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मात्र 11 फेब्रुवारी 1813 रोजी मुंबईला पोचले. हद्दपारीचा हुकूम त्यांच्या पाठोपाठ आला, तेव्हा ते गुपचूप गलबताने कोचीनकडे पळाले, पकडले गेले आणि परत आणले गेले. मुंबईचे गव्हर्नर सर इव्हान नेपियन हे धार्मिक वृत्तीचे गृहस्थ होते. हॉल-नॉट यांचे अर्ज त्यांनी वाचले आणि हद्दपारी लांबवत नेली. तेवढ्यात पार्लमेंटने कंपनीची नवी सनद मंजूर करून मिशनऱ्यांना हिंदुस्थानचे दार उघडले. पुढे ज्याला 'अमेरिकन मराठी मिशन' म्हणू लागले, त्याची सुरुवात ही अशी झाली.

मिशनरी म्हटले की आपल्याकडे दोन ठरावीक चित्रे उभी राहतात. एक सेवेला वाहून घेतलेल्या देवमाणसाचे, दुसरे धर्म बाटवायला आलेल्या कारस्थानी गोऱ्याचे. या माणसांचा रोजचा दिवस पाहू लागलो, तर दोन्ही चित्रे अपुरी वाटतात. दिवसाचा मोठा भाग भलत्याच कामांत जाई.

पहिले काम भाषेचे. विल्यम कॅरी यांचा 1810 चा मराठी कोश सोडला तर हाताशी जवळपास काही नव्हते. मोल्सवर्थचा कोश यायला 1831 उजाडावे लागले. त्यामुळे पंतोजी किंवा शास्त्री नेमायचा आणि रोज काही तास त्याच्यासमोर बसायचे, हाच मार्ग होता. जो ब्राह्मण शिक्षक साहेबाला मराठीची वाक्यरचना शिकवी, त्याच्याच धर्मावर टीका करायला साहेब ती भाषा शिकत होता. शिक्षकाला हे ठाऊक असे, पण महिन्याचा पगारही चुकत नसे.

थोडी भाषा जमली की साहेब रस्त्यावर उतरत. मुंबईत हॉल रोज गल्ल्याबोळांतून हिंडत. देवळाच्या पायरीशी, विहिरीपाशी, बाजारात चार माणसे दिसली की थांबून बोलत. या संभाषणांची दैनंदिनी ते बोस्टनला बोर्डाकडे पाठवत आणि तिथे 'मिशनरी हेरल्ड' मासिकात तिचे उतारे छापून येत. साहेबाचे मराठी ऐकायला गर्दी जमे, प्रश्नही विचारले जात. बाप्तिस्मा घ्यायला मात्र कोणी येत नसे. पहिल्या दोन दशकांत धर्मांतर केलेली माणसे बोटांवर मोजण्याइतकीच होती.

मग दिवस सत्कारणी कसा लावायचा? शाळा काढायच्या. शिकवायला ख्रिस्ती मास्तर कुठून आणणार? म्हणून हिंदू पंतोजीच नेमले गेले, काही शाळांत बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, शिक्षकही होते. लिहिणे, वाचणे, हिशेब आणि त्याच्या जोडीला बायबलमधले पाठ. मिशनरी आठवड्याला फेरी मारून परीक्षा घेई. छापखान्याचेही तसेच झाले. छपाई जाणणारे होरेशिओ बार्डवेल 1816 मध्ये आले आणि पुढच्याच वर्षी मराठीत एक आठ पानी पुस्तिका निघाली. अक्षरे पाडायची, शाई जमवायची, मुद्रिते तपासायची, बांधणी करायची, सगळे तिथेच. याच छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली जावजी दादाजी नावाचा एक गरीब मुलगा नोकरीला लागला. 1869 मध्ये त्यानेच 'निर्णयसागर' काढला. ज्याच्या देखण्या टायपात पुढे संस्कृत काव्य-शास्त्रांचे ग्रंथ घरोघर गेले तो कारागीर मिशनच्या छापखान्यात घडला, हे मिशनच्या हिशेबात कुठे लिहायचे, असा प्रश्न कुणालाही पडावा.

पावसाळा सरला की दौऱ्याचे दिवस येत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे थंडीचे चार महिने बैलगाडीत तंबू, भांडी, पुस्तकांच्या पेट्या भरून गावोगाव हिंडायचे. जत्रा असेल तिथे हटकून जायचे. पंढरपूर, आळंदी यांसारख्या ठिकाणी वारकऱ्यांच्या गर्दीत पुस्तिका वाटणारा गोरा माणूस हे एकोणिसाव्या शतकातले ओळखीचे दृश्य होते. 1826 च्या मार्चमध्ये हॉल असेच नाशिककडे गेले. तिथे पटकीची साथ होती. जवळची औषधे वाटून ते परत निघाले आणि वाटेत त्यांनाच पटकीने गाठले. सोबत मिशनची दोन पोरे होती, गोरे माणूस कोणीही नाही. एका देवळाच्या ओसरीवर अंथरूण टाकून ते आडवे झाले आणि काही तासांत संपले. वय 41. पत्नी मुलांना घेऊन आदल्याच वर्षी अमेरिकेला गेल्या होत्या, त्यामुळे ही बातमी त्यांना महिन्यांनी कळली.

पत्रांचा हा विलंब सगळ्या आयुष्यावर पसरलेला असे. बोस्टन ते मुंबई हा प्रवास केप ऑफ गुड होपला वळसा घालून चार-पाच महिन्यांचा. एखादी परवानगी मागितली तर उत्तर हातात पडेपर्यंत वर्ष उलटे आणि तोवर मूळ अडचण सुटलेली तरी असे किंवा चिघळलेली तरी. घरातले मूल सात-आठ वर्षांचे झाले की हवा मानवत नाही आणि शिक्षण हवे म्हणून त्याला मायदेशी नातेवाइकांकडे धाडायची रीत होती. पुन्हा भेट कधी होईल, याचा भरवसा नसे. याच मिशनचे रॉबर्ट विल्सन ह्यूम आजारी पडून 1854 मध्ये अमेरिकेला निघाले आणि समुद्रातच वारले. त्यांचा मुंबईत जन्मलेला मुलगा रॉबर्ट ॲलन येल विद्यापीठात शिकला, 1874 मध्ये नगरला आला आणि जवळजवळ हयातभर तिथेच राबला.

नगरचे ठाणे 1831 चे. अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, पुढे या मिशनचे खरे केंद्र झाले आणि तिथल्या माणसांत सिंथिया फॅरार यांचे नाव सर्वांत आधी घ्यायला हवे. 1827 च्या डिसेंबरात त्या मुंबईत उतरल्या. अमेरिकेतून परदेशी मिशनवर पाठवलेली ही पहिली अविवाहित गोरी स्त्री. मिशनमधल्या इतर बायका कुणाच्या ना कुणाच्या पत्नी म्हणून आलेल्या. फॅरारबाई मात्र नोकरीवर आल्या होत्या आणि नोकरी होती मुलींच्या शाळांवर देखरेख करण्याची. ज्या समाजात शिकलेल्या बायकोचा नवरा मरतो असा समज होता, तिथे घरोघर जाऊन मुली गोळा करायच्या, त्या लग्नामुळे निघून गेल्या की पुन्हा नव्या शोधायच्या, हे काम त्यांनी चौतीस वर्षे केले. 1839 पासून त्या नगरला होत्या. जोतीराव फुले नगरला मित्राकडे आले तेव्हा त्यांनी या शाळा पाहिल्या आणि पुण्यात मुलींची शाळा काढण्याची कल्पना त्यातून पक्की झाली. सावित्रीबाईंच्या शिक्षिकेच्या प्रशिक्षणाशीही फॅरारबाईंचे नाव जोडलेले आहे. 1862 मध्ये नगरलाच त्यांचा मृत्यू झाला. मराठी मुलींच्या शिक्षणाचा इतिहास सांगताना त्यांच्या वाट्याला एखादे ओझरते वाक्य येते. ते फार कमी आहे.

बोस्टनला मात्र ही सगळी धडपड खटकू लागली होती. बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन 1854 च्या अखेरीस स्वतः मुंबईत येऊन दाखल झाले. त्यांचे म्हणणे सरळ होते. मिशनऱ्याने उपदेश करावा, स्थानिक मंडळ्या उभ्या कराव्यात आणि तिथलेच पाद्री तयार करून बाजूला व्हावे. इंग्रजी शाळा, मोठे छापखाने हा मिशनचा उद्योग नव्हे. त्यांच्या भेटीनंतर इंग्रजी शिक्षणाला कात्री लागली आणि मुंबईचा छापखाना मिशनने सोडला. तत्त्व म्हणून अँडरसन चुकीचे नव्हते. स्थानिक मंडळीने स्वतःच्या पायांवर उभे राहावे, हा त्यांचा आग्रह आजही पटतो. पण ज्या कामामुळे मराठी माणूस मिशनच्या दारात येत होता, तेच काम त्यांनी फालतू ठरवले.

या चौकटीत न बसणारा एक माणूस मुंबईत होता. जॉर्ज बोवेन 1848 मध्ये आले. बंगला, नोकरचाकर आणि घोडा असलेला साहेब गरिबांना त्यागाची गोष्ट सांगतो, हे त्यांना पटेना. त्यांनी बोर्डाचा पगार नाकारला, एतद्देशीय वस्तीत एक खोली घेतली आणि शिकवणी करून पोट भरू लागले. खोलीत सामान असे पुस्तकांचे. पुढे 'बॉम्बे गार्डियन' हे साप्ताहिक त्यांनी मरेपर्यंत चालवले. लोक त्यांना गोरा संत म्हणत. चाळीस वर्षांत ते एकदाही अमेरिकेला गेले नाहीत आणि 1888 मध्ये मुंबईतच वारले. गंमत अशी की बंगला सोडल्याने धर्मांतरे वाढली नाहीत. बोवेन यांच्या उपदेशाने ख्रिस्ती झालेली माणसे शोधावी लागतात.

त्यांना तोडीस तोड माणूसही भेटला. 1857 साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे जाहीर वाद झाले. विष्णुबुवा वेदोक्त धर्माची बाजू मांडत आणि ख्रिस्ती मतावर उलट प्रश्नांची सरबत्ती करत. किनाऱ्यावर श्रोत्यांची दाटी होई. बोवेन यांनी त्याच वर्षी या वादाचा वृत्तांत इंग्रजीत पुस्तकरूपाने छापला. दोन्ही पक्षांनी आपण जिंकलो असे मानले. मिशनऱ्यांनी हिंदू देवतांवर कडवट टीका केली, हे खरेच आहे, आणि ती सौम्य करून सांगण्यात अर्थ नाही. त्या टीकेला उत्तर देता देता मराठी माणूस वर्तमानपत्र, पुस्तिका, व्याख्यान ही साधने हाताळायला शिकला, हेही तितकेच खरे. मिशनच्या बाजूने 1842 मध्ये नगरला सुरू झालेले 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघत होते.

मिशनऱ्यांच्या रिकाम्या वेळाबद्दल फारसे लिहिले जात नाही. नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याचे सॅम्युएल फेअरबँक हे त्याबाबतीत मजेचे गृहस्थ. उपदेशाच्या दौऱ्यांत ते पक्षी आणि जमिनीवरच्या गोगलगायी गोळा करत. खंडाळा, महाबळेश्वर भागातल्या पक्ष्यांची त्यांची यादी 1876 मध्ये 'स्ट्रे फेदर्स' या पक्षिशास्त्राच्या पत्रिकेत छापून आली. दक्षिणेतल्या पलनी डोंगरांतला एक पक्षी आज जगभर 'फेअरबँकी' या शास्त्रीय नावाने ओळखला जातो, तो याच वडाळ्याच्या पाद्र्याच्या नावावरून.

माणसे मोठ्या संख्येने मिशनकडे वळली ती शतकाच्या उत्तरार्धात, मुख्यतः नगर जिल्ह्यातल्या महार आणि मांग वस्त्यांतून. शाळा, माणूस म्हणून मिळणारी वागणूक आणि गावकीच्या जाचातून सुटण्याची आशा, ही कारणे धर्मतत्त्वांइतकीच जोरकस होती. दुष्काळांनी त्यात भर घातली. 1899-1900 च्या दुष्काळात मिशनचे बंगले म्हणजे धान्यवाटपाची आणि अनाथ मुलांची ठाणी झाली. रॉबर्ट ॲलन ह्यूम यांना त्या कामासाठी 'कैसर-ए-हिंद' पदक मिळाले. भुकेल्याला दिलेल्या भाकरीबरोबर धर्म येतो, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि तो अगदीच निराधार नव्हता. अनाथ पोरांना पोटापाण्याचा धंदा हवा म्हणून डी. सी. चर्चिल या अभियंत्याने नगरात सुधारित हातमाग बनवला. इंजिनिअर मिशनरी! अँडरसन यांना हे कधीच रुचले नसते.

तोवर उपदेशाची पद्धतही बदलली होती. कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन रूढ केले. 1895 मध्ये ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग आणि भजने रचली. साहेबाच्या मराठीपेक्षा टाळ-मृदंगावरचे मराठी लोकांच्या काळजाला भिडले, यात नवल नाही. टिळकांच्या घरातले मिशनचे दिवस लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त आहेत, आणि मिशनरी माणसांचे वागणे, त्यांचा चांगुलपणा आणि विक्षिप्तपणा जवळून पाहायचा तर तेच पुस्तक काढावे.

या मिशनमधला शेवटचा उल्लेख जस्टिन ॲबट यांचा. वडीलही याच मिशनचे. जस्टिन 1881 मध्ये आले, 'ज्ञानोदय'चे संपादक झाले आणि 1910 मध्ये निवृत्त होऊन अमेरिकेला परतले. तिथे बसून त्यांनी मराठी संतांचे इंग्रजी भाषांतर हाती घेतले. एकनाथ, बहिणाबाई, तुकाराम, रामदास, आणि पंडित नरहर गोडबोले यांच्या साथीने महिपतीचा 'भक्तविजय'. पंढरीच्या वाटेवर पुस्तिका वाटणाऱ्यांच्या पुढच्या पिढीने विठोबाचे भक्त इंग्रजी वाचकांपर्यंत नेले. 1932 मध्ये ॲबट वारले तेव्हा मालिका पूर्ण व्हायची होती. उरलेले खंड त्यांच्या मृत्यूनंतर निघाले. मोतीलाल बनारसीदास या प्रकाशनाने त्यांतले काही पुन्हा छापले आहेत.