कंटेनर, संगणकीय
कंटेनर, संगणकीय : अनुप्रयोग, तो चालण्यास लागणारी भाषा-प्रणाली, साहाय्यक आज्ञावल्यांचे संग्रह व मांडणीविषयक नोंदी यांचा संच एकाच परिचालन प्रणालीवर, परंतु इतर कार्यांपासून अलग ठेवून, चालविण्याची व्यवस्था. वेब अनुप्रयोगाच्या विकसनास आरंभ करण्यापूर्वी अशा कंटेनरांची जी पायाभूत मांडणी सिद्ध करून ठेवतात, तीस प्रारंभिक प्रकल्प म्हणतात. एका संगणकावर बिनचूक चालणारी आज्ञावली दुसऱ्यावर चालू नये, हा अनुभव जुनाच आहे. भाषेची आवृत्ती किंचित निराळी असली, तरी तेवढे कारण पुरते. ही अडचण टाळणे हा या मांडणीचा मुख्य हेतू होय.

इतिहास : हे नाव मालवाहतुकीच्या प्रमाणित पेट्यांवरून आले. माल्कम मॅक्लीन यांनी २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेतील न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे अशा ५८ पेट्या जहाजाने रवाना केल्या. पेटीत काय आहे, हे यारीला ठाऊक असावे लागत नाही. संगणकीय कंटेनराचेही तसेच आहे. अलगीकरणाची प्राथमिक सोय युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत (१९७९) ‘चेंजरूट’ या रूपाने आढळते. फ्रीबीएसडी प्रणालीतील ‘जेल’ (२०००) ही तिची सुधारलेली अवस्था होय. लिनक्सच्या गाभ्यात प्रत्येक कार्यास स्वतंत्र दृश्य देणारे नामावकाश व साधनसंपत्तीवर मर्यादा घालणारे नियंत्रण-गट (२००८) समाविष्ट झाले. यांवर आधारलेली डॉकर ही प्रणाली सॉलोमन हाइक्स यांनी मार्च २०१३ मध्ये जाहीर केली आणि ही पद्धत सर्वत्र पसरली. मूळ तंत्र तिच्यापूर्वीचेच होते. डॉकरने ते सुलभ केले.

रचना : कंटेनर ज्या साच्यापासून निर्माण होतो त्यास प्रतिमा म्हणतात. ती केवळ वाचता येणाऱ्या थरांची बनलेली असते व तिची कृती ‘डॉकरफाइल’ या मजकुरात पायरीपायरीने लिहिलेली असते. एखादी पायरी बदलल्यास तेथपासूनचे सर्व थर पुन्हा बांधावे लागतात. म्हणून लागणाऱ्या संग्रहांची यादी आधी आणून ते बसवितात व स्वतःची आज्ञावली शेवटी घालतात. क्रम उलटा ठेवल्यास एक अक्षर बदलले तरी सर्व संग्रह नव्याने उतरवावे लागतात. पायाभूत प्रतिमेची आवृत्तीही अंकाने नमूद करणे इष्ट. ‘लेटेस्ट’ अशी खूण आज एका प्रतिमेकडे, तर उद्या दुसरीकडे निर्देश करू शकते व मूळ हेतूच विफल होतो.

सामान्यतः अनुप्रयोगास एक व पोस्टग्रेससारख्या माहितीसाठ्यास एक, असे निदान दोन कंटेनर योजतात. त्यांचे वर्णन ‘कंपोज’ या साधनाच्या एकाच फाइलीत असते व एका आज्ञेने दोन्ही सुरू होतात. ते अंतर्गत जाळ्यावर परस्परांस सेवेच्या नावाने ओळखतात. नवशिक्यांची चूक बहुधा येथेच होते : कंटेनरात ‘लोकलहोस्ट’ म्हणजे तोच कंटेनर, त्यामुळे या पत्त्यावर शेजारचा माहितीसाठा सापडत नाही. तसेच माहितीसाठा सुरू झाला म्हणजे तो विनंत्या घेण्यास सिद्ध झाला असे नव्हे. त्यासाठी स्वास्थ्य-तपासणीची वेगळी नोंद करावी लागते. विकसनकाळात आज्ञावलीची निर्देशिका कंटेनरास बाहेरून जोडतात, म्हणजे केलेला बदल प्रतिमा पुन्हा न बांधता आत पोहोचतो.

दक्षता : चालू कंटेनरात लिहिलेला मजकूर वरच्या तात्पुरत्या थरात राहतो व कंटेनर काढून टाकला की नष्ट होतो. माहितीसाठ्याच्या फाइली म्हणून ‘व्हॉल्यूम’ या स्वतंत्र साठवणीत ठेवणे अनिवार्य आहे. हे ध्यानात न आल्याने कित्येक दिवसांचे काम गमावण्याचा प्रसंग येऊ शकतो. परवलीचा शब्द प्रतिमेत घालून पुढील पायरीत पुसला, तरी तो आधीच्या थरात शिल्लक राहतो व प्रतिमा ज्याच्या हाती पडेल त्यास वाचता येतो. वेगळी सूचना न दिल्यास आतील कार्य बहुधा सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावाने चालते, हेही बदलावे. सर्व कंटेनर यजमान संगणकाचा एकच गाभा वापरतात, त्यामुळे ते आभासी संगणकापेक्षा हलके व सत्वर सुरू होणारे असले, तरी त्यांचे अलगीकरण तितके भक्कम नसते. लिनक्स कंटेनरास लिनक्सचाच गाभा लागतो. म्हणून विंडोज व मॅक संगणकांवर तो पडद्याआड एका लहान आभासी लिनक्स संगणकात चालवावा लागतो.