न्यूरोग्लोबिन ऑक्सिजन धरतं, म्हणजे साठवतं का?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी जर्नल क्लबमध्ये मी ठामपणे सांगितलं, "न्यूरोग्लोबिन मेंदूच्या पेशींत ऑक्सिजन साठवतं, म्हणून स्ट्रोकमध्ये त्या वाचतात." सरांनी एकच शब्द विचारला, "किती?" मी गप्प! तेच उत्तर आज आपण काढूया.

आधी थोडी पार्श्वभूमी. बहुतेक स्ट्रोकमध्ये गुठळीमुळे मेंदूची एखादी रक्तवाहिनी बंद होते. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण आपण स्वस्थ बसलेलो असताना शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो. पुरवठा पूर्ण थांबला की काही मिनिटांत पेशी मरू लागतात.

रक्तातलं हिमोग्लोबिन आणि स्नायूंतलं मायोग्लोबिन आपल्याला माहीत असतं. त्याच कुळातलं, पण मुख्यतः चेतापेशींत असणारं न्यूरोग्लोबिन २००० साली बुर्मेस्टर, हान्केल्न आणि सहकाऱ्यांनी शोधलं. २००१ मध्ये ग्रीनबर्ग यांच्या गटाने दाखवलं, की ऑक्सिजन कमी पडला की चेतापेशी हे प्रथिन जास्त बनवतात. २००३ मध्ये त्यांनी उंदरांच्या मेंदूत त्याचं प्रमाण वाढवलं, तर स्ट्रोकचं नुकसान कमी झालं.

आता हिशोब. १०० ग्रॅम मेंदू मिनिटाला साधारण ३.५ मिलीलीटर ऑक्सिजन वापरतो. म्हणजे किलोमागे सेकंदाला सुमारे २६ मायक्रोमोल. आणि मेंदूत न्यूरोग्लोबिन असतं साधारण १ मायक्रोमोलर. एक रेणू ऑक्सिजनचा एकच रेणू धरतो. म्हणजे हा 'साठा' सेकंदाच्या पंचविसाव्या भागात संपला! दहापट प्रथिन असलं तरी अर्धा सेकंदही निघणार नाही.

रचनाही हेच सांगते. मायोग्लोबिनच्या हीममध्ये लोहाची सहावी जागा ऑक्सिजनसाठी मोकळी असते. न्यूरोग्लोबिनमध्ये तिथे त्याचंच एक हिस्टिडीन बसलेलं असतं. ते हललं तरच ऑक्सिजनला जागा मिळते.

मग संरक्षण होतं कसं? एक चांगला अंदाज सायटोक्रोम सी चा. मायटोकॉन्ड्रियाला इजा झाली की हे प्रथिन पेशीद्रवात गळतं आणि पेशीच्या आत्मनाशाची साखळी सुरू करतं. परीक्षानळीत न्यूरोग्लोबिन त्याला झटकन इलेक्ट्रॉन देतं, आणि अशा क्षपण झालेल्या रूपात ते ही साखळी सुरू करण्यात कमी पडतं. घातक ऑक्सिजन-रेणू आणि नायट्रिक ऑक्साइड निकामी करणं, हा दुसरा अंदाज.

पण थांबा, इथे मेख आहे. २०११ मध्ये न्यूरोग्लोबिनचं जनुक काढून टाकलेल्या उंदरांना तीव्र ऑक्सिजन-टंचाईत ठेवलं, तेव्हा त्यांच्या चेतापेशी जास्त मेल्या नाहीत. मग आधीचे प्रयोग चुकीचे? तसं नाही. 'जास्त दिलं तर फायदा होतो का?' आणि 'जेवढं मुळात असतं तेवढं वाचवतं का?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला चिकटवायचं नाही.

म्हणूनच रुग्णासाठी आजही घड्याळच महत्त्वाचं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देतात.

मुलाखतीला जाताना एवढं लक्षात ठेवा: प्रथिन काय धरतं हे कळलं, म्हणजे ते काय करतं हे कळलं असं नाही. आणि कुणी विचारायच्या आधी स्वतःलाच विचारा, "किती?"