पोळा ते मंडई: चढाई कशी घडत गेली

झाडीपट्टीत कबड्डीचा हंगाम धानाच्या हिशेबाने चालतो. रोवणी आटोपून पोळा झाला की चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत संध्याकाळी पोरं पटांगणावर जमू लागतात. सामने मात्र दिवाळीनंतर, गावोगावी मंडईची जत्रा भरू लागल्यावर; एका रात्री नाटक, दुसऱ्या रात्री कबड्डी. बक्षिसांची चर्चा वर्षभर होते. मधल्या सरावाच्या आठवड्यांची कुणी नोंदही ठेवत नाही, आणि चढाई घडते ती तिथेच.

सुरुवातीला चढाईपटू राजा असतो. चढाईला एकटा गडी पुरतो, पकडीला साखळी लागते. कोपऱ्यातल्याने घोटा धरला आणि शेजारच्याने त्याच क्षणी झेप घेतली नाही, तर चढाईपटू ओढत-ओढत मध्यरेषा गाठतो आणि गुण घेऊन जातो. हा मेळ बसायला वेळ लागतो. तोवर गाव खूश, यंदा आपली रेड जोरात! अमेरिकी फुटबॉलमध्ये नेमकं उलटं घडतं. तिथे आक्रमणातल्या अकरा जणांची पावलं एका इशाऱ्यावर जुळावी लागतात, म्हणून हंगामपूर्व सरावाच्या पहिल्या दिवसांत बहुधा बचावच वरचढ दिसतो. आपल्याकडची पहिल्या आठवड्यांतली चढाई मात्र फसवी. तिच्यावरून संघ निवडणारे पुढे पस्तावतात.

साखळी जमली की राजाची पाठ मातीला लागू लागते. माझ्या मते खरा सराव इथून सुरू होतो. चढाईला वेळ असतो ३० सेकंद. पुरुषांच्या मैदानात निदान रेषा मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर. गडी शिवला नाही, तर ती ओलांडावीच लागते. बोनस रेषा आणखी एक मीटर आत, आणि समोर निदान सहा गडी असले तरच बोनस. पूर्वी हे आकडे पंचांपुरते होते. गडी मारून यायचं, एवढीच चढाईची कल्पना. आता शहाणा चढाईपटू पहिल्या फेरीत कुणाला शिवतही नाही. कुठला कोपरा उतावीळ आहे, कव्हरच्या जागेवरचा कुठला गडी मागे राहतो, एवढं पाहून परततो.

हा फरक २०१४ मध्ये प्रो कबड्डी टीव्हीवर आल्यानंतरचा. आधी पोरांनी उचलली ती चढाईपटू प्रदीप नरवालची साखळीखालून निसटायची डुबकी. मॅटवरची डुबकी मातीत मारायची म्हणजे गुडघे सोलून घेणं, पण हौसेला मोल नसतं. उपयोगाची गोष्ट उशिरा कळली: चढाई वाटून घ्यायची असते. प्रो कबड्डीतली पुणेरी पलटण २०२२ च्या अंतिम सामन्यात अस्लम इनामदार आणि मोहित गोयत या चढाईपटूंविना उतरली आणि जयपूरकडून २९-३३ अशी हरली. त्याच प्रशिक्षक बी. सी. रमेश यांच्या हाताखाली १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेतल्या अंतिम सामन्यात तिने हरियाणाला २८-२५ असं हरवलं. अस्लम, मोहित, पंकज मोहिते. भार एकाच्या खांद्यावर नव्हता.

गावच्या संघांवर याचा परिणाम दिसतो तो तिसऱ्या चढाईत. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचा, नाहीतर बाद, हा प्रो कबड्डीचा नियम. तो सरावात लावला की कोण घाबरतो, कोण थंड डोक्याने उभा राहतो, हे लगेच कळतं. पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या पोरांकडे दम भरपूर. पण तिसऱ्या चढाईला नुसता दम पुरत नाही. तिथे अनेकदा गावाच्या लेखी दुय्यम असलेलाच एखादा कामाला येतो. आश्रमशाळांच्या क्रीडा स्पर्धांत खेळून आलेली मुलंही इथे बरी पडतात, कारण सात जणांत आपली जागा कुठली हे त्यांना ठाऊक असतं.

धानकापणीत सराव मोडतो. पुढे मिरची तोडायला माणसं तेलंगणात जातात, त्यात एखादा हमखास चढाईपटू असतोच. म्हणून अलीकडे जाणते प्रशिक्षक भाद्रपदातच तिसरी चढाई किमान तिघांकडून घोटून घेतात.