वर्षभराचे अध्यक्ष, वर्षानुवर्षांची वही

सेवा-क्लब म्हणजे आपापला व्यवसाय सांभाळून, वर्गणी भरून आणि ठरावीक दिवशी एकत्र जमून गावाच्या उपयोगाची कामे स्वखुशीने करणाऱ्या माणसांची संस्था. महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावी रोटरी किंवा लायन्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अशा क्लबमध्ये बहुधा वीस ते चाळीस सदस्य असतात. त्यांत डॉक्टर, औषधविक्रेते, वकील, सनदी लेखापाल, हार्डवेअरचे व्यापारी, बांधकाम व्यावसायिक आणि महाविद्यालयातील एखाद-दुसरे प्राध्यापक असतात, आणि गावाला ही संस्था दिसते ती मुख्यतः चौकातील फलकावर व पदग्रहण समारंभाच्या छायाचित्रात. या दोन दर्शनी गोष्टींच्या मागे वर्षभर जे काम चालते ते बरेचसे नोंदींचे, फोनचे आणि पाठपुराव्याचे असते, आणि क्लब टिकतो की विरतो, वाढतो की नुसता फुगतो, हे या कामावरूनच ठरते.

रोटरीची सुरुवात २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागो शहरात झाली. वकील पॉल हॅरिस यांनी कोळशाचे व्यापारी सिल्व्हेस्टर शील, खाण-अभियंता गुस्टावस लोएर आणि शिवणकामाचा व्यवसाय करणारे हायरम शोरी यांच्यासह घेतलेली ती पहिली बैठक होती. पुढील बैठका प्रत्येक सदस्याच्या कचेरीत पाळीपाळीने भरत गेल्या आणि त्या फिरत्या पाळीवरूनच संस्थेला नाव मिळाले. परस्परांच्या ओळखीसाठी जमलेल्या या मंडळींनी दोनच वर्षांत शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृह उभारण्याचा प्रश्न हाती घेतला आणि मैत्रीच्या मंडळाचे रूपांतर सेवेच्या मंडळात होऊ लागले. भारतातील पहिल्या क्लबला, म्हणजे कलकत्त्याच्या क्लबला, १९२० साली सनद मिळाली. बैठकीची जागा फिरती ठेवण्याची प्रथा मागे पडली असली, तरी पाळीचे तत्त्व पदांच्या बाबतीत आजही काटेकोरपणे पाळले जाते. १ जुलैला नवे अध्यक्ष आणि त्यांचे सचिव, खजिनदार व संचालक सूत्रे हाती घेतात आणि पुढच्या ३० जूनला ती खाली ठेवतात.

या एका वर्षाच्या मुदतीत क्लबचे बळ आहे आणि त्याची सर्वांत मोठी अडचणही तिथेच आहे. गावातील अनेक संस्था एकाच घराण्याच्या किंवा एकाच माणसाच्या हाती वीस-वीस वर्षे राहून थिजलेल्या दिसतात, तसे येथे सहसा होत नाही. एरवी व्यासपीठावर न चढणारा औषधविक्रेताही कधी तरी अध्यक्ष होतो, भाषण करायला शिकतो, तहसील कार्यालयात पत्र कसे द्यावे हे शिकतो, आणि त्याच्या त्या एका वर्षात क्लबला नवी उमेद मिळते. परंतु प्रत्येक अध्यक्षाला आपल्या वर्षाची खूण मागे ठेवावीशी वाटते, त्यामुळे मागच्या वर्षीचा शाळेतील पाणी शुद्धीकरण संच बंद पडला असला तरी त्याच्या दुरुस्तीपेक्षा नव्या शाळेत नवा संच बसवणे अधिक आकर्षक ठरते. उद्घाटनाची पाटी नव्या कामाला लागते, देखभालीला लागत नाही. या स्वाभाविक ओढीला आवर घालणारी यंत्रणा ज्या क्लबने उभी केली, तोच क्लब खऱ्या अर्थाने वाढला असे म्हणता येते.

अशी यंत्रणा प्रत्यक्षात कशी दिसते हे समजून घेण्यासाठी रुग्णसाहित्य केंद्र हे सर्वांत चांगले उदाहरण ठरेल. महाराष्ट्रातील कितीतरी लहान गावांत सेवा-क्लब, ज्येष्ठ नागरिक संघ किंवा एखादे गणेश मंडळ असे केंद्र चालवते. घरी आजारी असलेल्या माणसाला लागणारी, पण विकत घेण्यास महाग आणि गरज संपल्यावर अडगळीची ठरणारी साधने तेथून अनामत रकमेवर वापरायला मिळतात. वॉकर, कुबड्या, चाकांची खुर्ची, कमोड खुर्ची, डोक्याकडचा व पायांकडचा भाग हँडल फिरवून वर-खाली करता येणारा फाउलर बेड, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून वापरायची हवेची गादी, आणि खोलीतील हवेतून नायट्रोजन वेगळा काढून ऑक्सिजनचे प्रमाण वाढवणारा कॉन्सन्ट्रेटर, एवढ्यात केंद्राचा बहुतेक पसारा येतो. खुब्याचे हाड मोडलेल्या आजीला वॉकर दोन-तीन महिने लागतो आणि मग तो माळ्यावर जातो. तोच वॉकर केंद्रात असेल तर वर्षभरात तीन-चार घरे हिंडतो. इतक्या साध्या हिशेबावर ही कल्पना उभी आहे आणि खर्चाच्या तुलनेत गावाला तिचा होणारा उपयोग पाहिला, तर क्लबच्या इतर कोणत्याही उपक्रमापेक्षा ती सरस ठरते.

केंद्राचा जीव मात्र साहित्यात नसून वहीत असतो. प्रत्येक वस्तूवर ऑइलपेंटने क्रमांक घातलेला असतो, आणि वहीत त्या क्रमांकापुढे नेणाऱ्याचे नाव, गाव, फोन, नेल्याची तारीख, अनामत, ओळख देणारा आणि परत येताना वस्तूची स्थिती असे रकाने आखलेले असतात. अनामत किती घ्यावी हा वरवर किरकोळ वाटणारा प्रश्न केंद्र चालवणाऱ्यांना सतत छळतो, कारण ती फार कमी ठेवली तर वस्तू परत येत नाही आणि जास्त ठेवली तर जिच्यासाठी केंद्र काढले तीच गरजू व्यक्ती दारातून मागे फिरते. म्हणून अनुभवी क्लब रकमेपेक्षा ओळखीवर अधिक भर देतात. गावातील डॉक्टर, आशा सेविका किंवा क्लबचा सदस्य यांपैकी कोणी ‘माणूस माझ्या माहितीतला आहे’ असे सांगितले की अनामत माफही केली जाते, मात्र ओळख देणाऱ्याचे नाव वहीत चढते आणि मुदत उलटल्यावर पहिला फोन त्यालाच जातो.

देखभालीतील बारकावेही येथेच शिकायला मिळतात. वॉकरच्या पायांचे रबरी बूट झिजले की तो फरशीवर घसरतो आणि आधाराचे साधन पडण्याचे कारण बनते, त्यामुळे परत आलेल्या प्रत्येक वॉकरचे बूट आधी तपासावे लागतात. हवेच्या गादीतील कप्पे पंपाच्या साहाय्याने आळीपाळीने फुगतात व रिकामे होतात आणि त्यामुळे शरीराचा दाब एकाच जागी राहत नाही. नेणाऱ्याला हे समजावून दिले नाही, तर पंपाचा आवाज नको म्हणून घरातले तो रात्री बंद करून ठेवतात. २०२१ च्या कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर अनेक केंद्रांकडे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आले, पण हे यंत्र नुसते ठेवून दिले की बिघडते, म्हणून ते अधूनमधून चालवून पाहणे आणि त्याची जाळी धुणे हे कोणाच्या तरी नावावर लिहून ठेवावे लागते. शिवाय ते विजेवर चालते, आणि खेड्यांत वीज जाते, म्हणून ते देताना भरलेल्या सिलिंडरची सोय आहे का हे विचारणे बंधनकारक मानले पाहिजे.

साहित्य परत येते ते दोन कारणांनी. एक तर रुग्ण बरा होतो, किंवा तो जातो. दुसऱ्या प्रसंगी घरातील मुलगा किंवा जावई तेरावा उरकल्यावर टेम्पोत बेड घालून आणतो, बेड त्याने स्वतः पुसून आणलेला असतो, आणि अनामत परत देऊ लागले की पुष्कळदा ‘राहू द्या, दुसऱ्याला उपयोगी पडेल’ एवढेच म्हणतो. वहीत त्या ओळीपुढे ‘अनामत देणगीत वर्ग’ असे लिहिले जाते. त्या क्षणी केंद्रावर बसलेल्या सदस्याने काय करावे हे कोणत्याही प्रशिक्षण शिबिरात शिकवता येत नाही. ज्याला तेथे दोन मिनिटे काही न बोलता थांबता येते आणि मग पावती फाडून हातात देता येते, त्याच्यापाशी सेवेची खरी समज असते. क्लबला सर्वांत टिकाऊ मनुष्यबळ मिळते तेही अशाच घरांतून, कारण केंद्राचा उपयोग स्वतः अनुभवलेला माणूस पुढे टेम्पो देतो, शिबिराच्या दिवशी रांग सांभाळतो आणि कालांतराने सदस्यही होतो.

सदस्यसंख्येचा प्रश्न या दृष्टीनेच पाहायला हवा. रोटरीत पूर्वी वर्गीकरणाचे तत्त्व कडक होते, म्हणजे प्रत्येक व्यवसायाचा एकच प्रतिनिधी क्लबमध्ये घेतला जाई. नियम आता सैल झाला असला तरी त्यामागचा विचार आजही मोलाचा आहे, कारण ज्या क्लबमध्ये निम्मे सदस्य डॉक्टर असतात त्याला प्रत्येक प्रश्न शिबिराचा वाटू लागतो. उलट ज्या माणसांचा गावाशी रोज संबंध येतो, ते प्राथमिक शिक्षक, बागाईतदार शेतकरी, एसटीतील कर्मचारी, इलेक्ट्रिशियन क्लबबाहेरच राहतात, आणि त्याचे कारण त्यांची अनास्था हे नसून वर्गणी आणि बैठकीनंतरचे जेवण हे असते. बैठकीनंतरच्या या जेवणाला क्लबांत ‘फेलोशिप’ म्हणतात. हॉटेलातील फेलोशिप बंद करून शाळेच्या खोलीत चहा-बिस्किटांवर बैठक घेण्याचा निर्णय जेथे झाला, तेथे सदस्यांचा पोत बदलतो. २०१६ पासून रोटरीने दर आठवड्याच्या बैठकीची सक्तीही शिथिल करून महिन्यातून किमान दोन बैठकांची मुभा दिली आहे आणि नोकरदारांना सामावून घेण्यास तिचा मोठा उपयोग होतो.

स्त्रियांच्या सदस्यत्वाचा इतिहासही येथे सांगितला पाहिजे. कॅलिफोर्नियातील डुआर्टे येथील क्लबने स्त्रियांना सदस्य करून घेतले म्हणून त्याची सनद काढून घेण्यात आली होती. त्या वादात १९८७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांना प्रवेश देण्याच्या बाजूने निकाल दिला आणि १९८९ मध्ये रोटरीने आपली घटना बदलली. भारतातील क्लबांत तोवर सदस्यांच्या पत्नींना ‘अ‍ॅन’ म्हटले जाई. शाळांतील तपासणी, गरोदर मातांचे मेळावे, शिबिरातील स्वयंपाक यांचा भार त्या वाहत आणि ठरावाच्या वहीत त्यांना मत नसे. आजही जेथे ही विभागणी सवयीने चालू आहे, तेथे क्लबने आपल्या निम्म्या शक्तीला निर्णयाबाहेर ठेवले आहे असेच म्हणावे लागते.

सदस्य वाढवण्याचा सोपा मार्ग म्हणजे प्रांतपालांच्या, म्हणजे अनेक क्लबांच्या विभागाचे प्रमुख असणाऱ्या पदाधिकाऱ्यांच्या, भेटीच्या दिवशी पाच-सहा जणांच्या कोटाला रोटरीच्या चक्राची पिन लावणे. आंतरराष्ट्रीय वर्गणीचे देयक १ जुलै आणि १ जानेवारी या दोन तारखांच्या सदस्ययादीवर निघते, त्यामुळे न येणाऱ्यांची नावे कमी करण्याचे काम जूनच्या अखेरीस उरकावे लागते आणि पिन लावलेल्यांपैकी कित्येकांची नावे त्या कमी करायच्या नावांत सापडतात. ही गळती रोखण्याचा एकच उपाय परिणामकारक दिसतो : पिन लावण्यापूर्वी काही महिने त्या व्यक्तीकडे एखादे ठरावीक, लहानसे, पण चुकवले तर कोणाचे तरी अडेल असे काम सोपवणे. मोतीबिंदू शस्त्रक्रियेनंतरच्या फेरतपासणीला गावोगावच्या वृद्धांना आणणे हे असे काम आहे. शस्त्रक्रियेच्या दिवशी बस, नाश्ता, हिरवी पट्टी आणि छायाचित्रे यांसाठी सगळे हजर असतात, पण आठवड्याने आणि महिन्याने व्हायच्या तपासण्या व शेवटी मिळणारा चष्मा यांसाठी वाडीवर जाऊन माणूस आणावा लागतो, आणि तो न आणल्यास आधीची सारी धडपड अर्धवट राहते. रक्तदानाचेही तसेच आहे. एखाद्या जयंतीला एकाच दिवशी भरपूर पिशव्या जमतात, परंतु प्लेटलेट जेमतेम पाच दिवस आणि लाल पेशी सुमारे सहा आठवडेच टिकतात. महाविद्यालये बंद असल्याने मे महिन्यात तुटवडा पडतो आणि म्हणून उन्हात शिबिर भरवणारा क्लब रक्तपेढीच्या खऱ्या उपयोगी पडतो.

एका वर्षाच्या पदांनी दीर्घकाळाचे काम होऊ शकत नाही असा आक्षेप घेतला जातो, त्याला पोलिओ निर्मूलनाचे उत्तर आहे. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओविरोधी मोहीम हाती घेतली, भारतात १९९५ पासून पल्स पोलिओचे देशव्यापी लसीकरण-दिवस सुरू झाले, देशातील वन्य पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह आपला आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित केला. लसीकरणाचा भार शासकीय आरोग्य कर्मचारी आणि अंगणवाडी सेविका यांनी वाहिला. क्लबांनी बूथची मांडणी, वाहने, फलक, चहा-नाश्ता आणि नकार देणाऱ्या घरांची समजूत काढणे अशी पूरक कामे केली. पण ती एकामागून एक आलेल्या इतक्या अध्यक्षांच्या काळात अखंड झाली, कारण हे काम कोणत्याही एका अध्यक्षाच्या नावावर नव्हते.

क्लबची कागदपत्रे ही या अखंडतेची दुसरी बाजू. सदस्यांची वर्गणी आणि लोकांची देणगी यांची खाती वेगळी असावी लागतात, कारण गावाने दिलेला पैसा सदस्यांच्या जेवणावर खर्च होता कामा नये. अनेक क्लब यासाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली स्वतंत्र न्यास नोंदवतात, आणि विश्वस्तांत बदल झाला की धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नव्वद दिवसांच्या आत बदल अहवाल, म्हणजे सगळे ज्याला ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतात तो, दाखल करावा लागतो. अध्यक्ष पदसिद्ध विश्वस्त असेल तर हे दरवर्षी आले. दोन-तीन वर्षे दुर्लक्ष झाले की कागदावरचे विश्वस्त आणि प्रत्यक्षातले विश्वस्त वेगळे पडतात आणि बँकेत सह्या अडतात.

म्हणूनच जाणत्या क्लबमध्ये जूनच्या शेवटच्या आठवड्यात मावळते व नवे सचिव केंद्राच्या खोलीत एकत्र बसतात. पदग्रहणाची तयारी बाहेर चालू असते. आत दोघे वही उघडून क्रमांकवार साहित्य मोजतात, जे जागेवर आहे त्यापुढे खूण करतात, आणि जे मुदत उलटूनही बाहेर आहे त्याची वेगळी यादी काढून एकेका घरी फोन लावतात : आजोबा कसे आहेत, खुर्ची अजून लागते का, लागत असेल तर राहू द्या, फक्त नवी तारीख लिहून घेतो. मग जुन्या सचिवाच्या सहीखाली नव्या सचिवाची सही होते आणि खोलीची किल्ली हात बदलते.